देवमाशाचं सोंग

नवऱ्याचं नाव एकदाच घेते, मंग पुन्हा विचारू नका. बकाराम. आमी ढिवर लोक, मासोळ्या मारणारे, अर्जुनी मोरगावपासून सायकलनं जाता येते तेवढ्या अंतरावरचं गाव, तलावाच्या पाळीखाली घर. आता पुढं मी त्याले आमचा बुढा म्हणीन. ही गोष्ट घडली तेव्हा तो काही बुढा नव्हता, पण गुडघे बुढे झाले होते अन् अक्कल कधी जवान झालीच नव्हती. अन् मी तं लग्न झाल्यापासून बुढाच म्हणून राहिली. त्याले चालते.

बाहेरगावचे लोक येतात अन् विचारतात, ते देवमासावाले कोणतं घर? मले राग येते. अर्धं आयुष्य या माणसानं दंडारीत वाघाचं सोंग घेतलं, त्याचं कोणी नाव काढत नाई.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते. पाव्हणे येतात, लेकी माहेरी येतात, जिलेबीची दुकानं लागतात, अन् दुपारच्याले दंडार, म्हणजे आमचा सोंगाचा खेळ, उभी राहते. ढोलकीवाला अन् गाणारे एकीकडे, अन् एकेक सोंग लोकाइच्या मधून चालत येते. गणपती येते, रावण येते, वाघ येते. सोंग यायले पूर्वेकडून एक वाट सोडलेली असते. तिच्यावर कोणी बसत नाई. एखादं पोट्टं बसलं तं म्हातारे त्याले कानाले धरून उठवतात. आमचा बुढा त्या वाटेवरून उड्या मारत यायचा अन् समोरच्या बाया मागं सरकायच्या. त्या उड्याइनंच त्याचे गुडघे खाल्ले.

त्या साली, म्हणजे दोन हजार बारा असन, पाऊस कमी झाला अन् तलावानं तळ दाखवला. मासोळ्या नाईत, शिंगाडे नाईत. ढिवराच्या घरी तलाव आटला म्हणजे चूल आटली. गोंदियाच्या एका ठेकेदारानं माणसं गोळा केली, त्यात आमी दोघं. गाडीत बसलो ते समुद्राच्या काठी उतरलो. खाडीवर पूल बांधून राहिले होते. मी घमेले उचलायची, बुढा लोखंडाच्या सळया बांधायचा. समुद्र पाहून तो पहिल्या दिवशी म्हणाला, "केवढा तलाव आहे वं, अन् पाळ कोठं आहे याची?" मी म्हणलं, "सळया बांधा, पाळ शोधू नका."

एक दिवस सकाळी कामावर जाऊन राहिलो होतो तं किनाऱ्यावर ही गर्दी. पाहतो तं काळं काहीतरी पडलेलं. मले वाटलं नाव उलटली. जवळ गेलो तं ते श्वास घेऊन राहिलं होतं. डोक्यावर एक भोक, त्यातून फुस्स करून गरम हवा बाहेर. देवमासा होता तो. आमच्या गावची समाजमंदिराची इमारत आडवी पाडली तं तेवढा. समुद्र मागं हटला होता अन् तो वाळूत रुतला होता.

तिथं एक पोरगी होती, समुद्रातल्या जनावराइचा अभ्यास करणारी. ती ओरडून सांगत होती, याची कातडी वाळू देऊ नका, पाणी घाला, भोकावर मात्र घालू नका. कामावरचे सगळे आमी घमेले घेऊन धावलो. मुकादम बोंबलत राहिला, कोणी ऐकलं नाई. घमेलं भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. आमचा बुढा गुडघे विसरला. हात त्याच्या अंगावर ठेवून म्हणे, "उठ गा, उठ. पाणी येऊनच राहिलं आहे." मासोळ्या मारण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस एका माशाची विनवणी करून राहिला होता. मीबी ओतत होती.

मधातच त्यानं त्या पोरीले विचारलं, "बाई, हा इकडं कायले आला?"

ती पोरगी खरं बोलणारी होती. म्हणाली, "हा एकटा इथे का आला, ते मला सांगता येणार नाही काका. आजारी असेल, जहाजाचा मार लागला असेल. पण बाकीच्यांचं सांगते." अन् घमेले ओतता ओतता तिनं सांगतलं. याइच्यातले बरेच देवमासे दरवर्षी वारी केल्यासारखे नाई, तं आपण धान कापायले जातो तसे जातात. थंड समुद्रात पोट भरायचं, अन् बाळंतपणाले गरम पाण्यात यायचं. तिकडून इकडं हजारो मैल. गरम पाण्यात त्याइले खायले जवळपास काही भेटत नाई. तिकडं खाल्लेल्या चरबीवर इकडं दिवस काढायचे, पिल्लाले दूध पाजायचं अन् परत जायचं. आता समुद्र तापून राहिला आहे. त्याइचा चारा म्हणजे झिंग्यासारखे बारीक जीव. ते गरम पाण्यात टिकत नाईत, कमी होतात, अजून थंड पाण्याकडे सरकतात. देवमासा जुन्या जागी येते तं चारा नाई. मंग तो आणखी पुढं जाते. कोणी उशिरा परत येते, कोणी अर्ध्यातूनच वळते, कोणी जहाजाच्या रस्त्यात सापडते. आईच्या अंगावर चरबी नसली तं पिल्लाले दूध पुरत नाई.

"दूध?" बुढा म्हणाला. "मासा दूध पाजते?"

"मासा नाही तो, काका. वर येऊन हवेत श्वास घेतो, दूध पाजतो. त्याची शेपटी बघा. माशाची उभी असते, याची आडवी आहे."

बुढ्यानं वाकून शेपटी पाहिली. खरंच आडवी होती, सुपासारखी पसरलेली.

समुद्र परत यायच्या आधीच तो मेला. भोकातून हवा येणं थांबलं तरी बुढा पाणी ओततच राहिला. मी त्याच्या हातातून घमेलं काढून घेतलं.

काम संपलं, आमी गावी निघालो. वाटेत पूर्ण गाडीभर हा माणूस खिडकीतून बाहेर पाहत राहिला. गोंदियाले उतरून दुसरी गाडी पकडायची होती, तिथं फलाटावर बसल्या बसल्या म्हणाला, "मंडईत हे सोंग घ्यायचं आहे." मी म्हणलं, "चहा प्या पहिले."

मंग सुरू झालं. ज्याले त्याले तेच. पानठेल्यावर देवमासा, तलावावर देवमासा, लग्नाच्या पंगतीत देवमासा. पाणी कसं ओतलं, हवा कशी गरम लागली, शेपटी कशी आडवी. बाया मले पाहून म्हणायच्या, "दुरपताबाई, तुझा बुढा आला वं, मी घरात जाते." मी म्हणायची, "जा, मलेबी घेऊन जा." पण ऐकलं सगळ्याइनं. न ऐकून जातात कोठं?

मंडईच्या समितीचा अध्यक्ष केशोराव. धानवाला माणूस, शेताच्या चार बांध्या जास्त, आवाजबी चार पट जास्त. वाईट नाई, पण त्याच्या मनानं घेतलं होतं की दंडार आता जुनी झाली. शेजारच्या गावात ऑर्केस्ट्रा आला, पोरी नाचल्या, तिथं पाय ठेवायले जागा नव्हती. आमच्या दंडारीत मात्र लोक अर्ध्यातून उठून जिलेबी खायले जायचे. बुढा त्याच्याकडे गेला, मी मागं होती.

केशोराव हसला. "बकाराम, येडा झाला का गा? आपल्याकडे समुद्र कोठं आहे? लोकाइले काय घेणं देवमाशाचं?"

"लंका समुद्रातच आहे ना?" बुढा म्हणाला. "रावणाचं सोंग चालते. रावण कोणी पाहिला? तुमी पाहिला? हा तं मी हात लावून पाहिला आहे."

केशोरावनं डोकं खाजवलं. मंग म्हणाला, "घे तुझं सोंग. पण सांगून ठेवतो. ऑर्केस्ट्रावाले संध्याकाळी आहेत, त्याच्या आधीची दुपार तुमची. लोक जागेवरून उठले तं दंडार या गावात शेवटची. पुढच्या साली मी विचारणार नाई."

"नाई उठणार," बुढा म्हणाला.

घरी येईपर्यंत मी त्याले शिव्या दिल्या. वाघ घेतला असता, निभावलं असतं. त्याच्या आज्यापासून चालत आलेली दंडार, अन् यानं ती एका मेलेल्या जनावरावर लावली. रात्री जेवण गेलं नाई मले. त्याले गेलं.

सोंग बनवायले आमच्याकडे काय होतं? बांबू, अन् राइस मिलचे रिकामे पोते. बांबू चिरून कमानी केल्या, त्याच्यावर पोते शिवले. शिवलं कोणी? मी. बोटं सुजली. निळीत काजळ कालवून रंग दिला. आत आठ माणसं चालणार, डोक्याजवळ बुढा. रंग वाळला तसं आंगण भरून ते जनावर पडलं होतं अन् मले एकदम त्या किनाऱ्यासारखं वाटलं. मी आत जाऊन भाकरी टाकायले बसली.

भांडण झालं ते शेपटीवरून. चुन्नीलाल आमचा ढोलकीवाला, तोबी ढिवरच. रोहू, कतला, वाम, सगळ्याइच्या शेपट्या त्यानं आयुष्यभर धरल्या. त्यानं शेपटी बांधली ती उभी. बुढ्यानं सोडली अन् आडवी बांधली. दुसऱ्या दिवशी पाहतो तं पुन्हा उभी.

"आडवी शेपटी पाहून पोट्टेबी हसतील गा," चुन्नीलाल म्हणे. "ढिवराच्या गावात असा मासा? इज्जत आहे का नाई?"

"मासा नाई तो."

"तूच देवमासा म्हणतं अन् तूच मासा नाई म्हणतं. अन् गल्लीतून नेशीन कसा? आडवी अडकन ना."

"अडकू दे," बुढा म्हणाला अन् विळ्यानं दोरी कापली. "तो तसाच होता."

दंडारीचा खेळ असा बसवला होता. देवमासा पूर्वेच्या वाटेनं येईन, चारा शोधीन, तीन फेरे मारीन, चारा भेटणार नाई. मंग चुन्नीलाल ढोलकीवर एक ठोका देईन अन् थांबीन. तो ठोका पडला की देवमाशानं खाली बसायचं अन् मरायचं. गाणं बुढ्यानं स्वतःच जोडलं होतं:

पाणी तापलं गा दादा, चारा हटला दूर
माय निघाली पोटासाठी, आटला दुधाचा पूर

मी म्हणलं, मरतेच कायले? तो म्हणाला, "मेला ना तो. मी पाहिलं ना."

मंडईचा दिवस आला. लेकी-जावई, पाव्हणे, सगळं गाव मांडवात. आमी तलावाच्या पाळीवर सोंग चढवलं. आठ जण आत शिरले, ढोलकी पुढं, मी बाजूनं. पूर्वेच्या वाटेवर पोहोचलो अन् चुन्नीलालचे हात थांबले. सोंगाच्या वाटेवर ऑर्केस्ट्राचे आवाजाचे मोठमोठे बॉक्स मांडून ठेवले होते, एकावर एक, वायरी जोडून. मोटारसायकल जाईन एवढीबी जागा नाई.

केशोराव धावत आला. "दुसरीकडे मावत नव्हते गा. वायरी लागल्या आहेत, आता हलत नाईत. तुमी दोघं-तिघं असेच या ना आत, पोते राहू द्या बाहेर."

माझं टकुरं सरकलं. मी म्हणलं, "सोंगाच्या वाटेवर बापजन्मी कोणी पाटबी टाकला नाई, अन् तुमी बॉक्स टाकता? लाज नाई वाटत?" तो म्हणाला, "दुरपताबाई, तुमी बायामाणसानं यात बोलू नका." मी बोलली. काय काय बोलली ते इथं सांगत नाई.

पोत्याच्या आतून बुढ्याचा आवाज आला. "चुन्नीलाल, वाजव."

"कोठं जातं? वाट नाई ना गा."

"मालूम आहे. नाई वाट म्हणूनच म्हणतो. वाजव."

अन् देवमासा वळला. मांडवाले पाठ देऊन सरळ गावात शिरला.

आता ऐका. आत आठ माणसं, कोणाले पुढचं दिसत नाई, एकट्या बुढ्याले तोंडाच्या फटीतून थोडंसं. तो गाऊन राहिला होता अन् मधात ओरडत होता, "वाट द्या गा, वाट द्या." आधी पोट्टे मागं आले. मंग पोट्ट्याइच्या माया पोट्ट्याइले बोलवायले आल्या अन् त्याबी मागंच राहिल्या. विहिरीजवळच्या गल्लीत शेपटी दोन्हीकडच्या भिंतीले अडकली. चुन्नीलाल वाजवता वाजवता म्हणाला, "म्हणलं होतं, उभी ठेव." पण लोकाइनं शेपटीले हात घातले, वर उचलली, भिंतीवरून पलीकडे नेली. आडवीच.

त्या कोपऱ्यावर एक म्हातारी राहते, कानानं बहिरी. ती ओट्यावर बसली होती. आमच्याकडे दुरून चालत कोणी दारात आलं तं पहिले त्याले पाय धुवायले पाणी देतात, मंग कोण कोठचा ते विचारतात. ती उठली, घरातून पाण्याचा गुंड, म्हणजे हंडाच, घेऊन आली अन् देवमाशाच्या अंगावर पाणी घातलं. बहिरी असो, बुढ्यानं तिलेबी ती किनाऱ्याची गोष्ट हातवारे करून सांगतलीच असन.

मंग काय विचारता. एकीनं घातलं ते पाहून दुसरीनं घातलं. मंडईले आलेल्या लेकी माहेरच्या दारातून बादल्या आणून राहिल्या होत्या. "भोकावर घालू नका वं, भोकावर नाई," एक जण ओरडली, अन् मले हसूबी आलं अन् रडूबी आलं. गावच्या बाया वर्षभर जे ऐकून ऐकून कंटाळल्या होत्या, ते सगळं त्याइले पाठ होतं. नीळ वाहू लागली. आतल्या माणसाइचे पाय निळे, गल्ली निळी, माझं लुगडं निळं. वरचा रंग निघाला तसे पोत्यावरचे शिक्के दिसू लागले. देवमाशाच्या पाठीवर राइस मिलचं नाव अन् पोटावर तांदळाचं वजन.

तोवर मांडवात कोणी उरलं नव्हतं. केशोरावच्या वाड्यासमोर आलो तं दारात त्याची बायको शकुंतलाबाई उभी. ही बाई सणासुदीशिवाय उंबरा ओलांडत नाई. हातात भरलेला गुंड. डोक्यावरचा पदर सारखा केला अन् तिनं हळूहळू पाणी घातलं, देवाले घालावं तसं. मंग गुंड ओट्यावर ठेवला अन् आमच्या पुढं चालू लागली.

मांडवाजवळ केशोराव एकटाच उभा होता. "पाहा," तो म्हणाला, "लोक उठले की नाई? अट काय होती? जागेवरून उठले तं दंडार बंद."

"उठले," शकुंतलाबाई म्हणाली. "उठून त्याच्या मागं आले. तुमच्या डब्ब्याच्या मागं कोण आहे ते सांगा. अन् ते डब्बे हलवा."

मंग त्यानं स्वतःच पहिली वायर ओढली. गावानं हात लावला अन् बॉक्स बाजूले झाले.

सोंगाच्या वाटेवरून देवमासा आत आला. ओला, शिक्क्याइचा, एक कमान मोडलेली. तीन फेरे मारले. गाणं म्हणलं. लोक वाटेच्या दोन्ही बाजूनं उभे, कोणी बसलं नाई, कोणी जिलेबी खायले गेलं नाई. चुन्नीलालनं ठोका दिला अन् थांबला.

देवमाशानं बसायचं होतं. तो बसला नाई.

चुन्नीलालनं पुन्हा ठोका दिला, जोरात. आतले मागचे लोक वाकले, पण डोकं उभंच. मले वाटलं गुडघे धरले. मी पुढं होऊन पोत्याजवळ तोंड नेलं अन् म्हणलं, "अजी, ठोका पडला. मरा ना."

चुन्नीलालनं तिसऱ्यांदा मारला, ढोलकी फुटन असा. देवमासा हलला, मोठ्यानं श्वास घेतला, वळला अन् आल्या वाटेनं परत निघाला. लोकाइनं वाट दिली. तलावाच्या पाळीपर्यंत सगळं गाव मागं होतं.

संध्याकाळी ऑर्केस्ट्राबी झाला, पोरी नाचल्या, लोकाइनं पाहिलं. ते काही वाईट नाई. पुढच्या साली मंडईच्या आधी केशोरावचा माणूस घरी आला अन् विचारून गेला, पोते किती लागतीन. सोंगाच्या वाटेवर त्यानंतर कोणी काही ठेवलं नाई.

पण मी त्या दिवसाचं सांगून राहिली. घरी आल्यावर बुढा आंगणात खाटेवर पडला. गळ्यापर्यंत निळा, गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले. मी तेल गरम करून आणलं अन् चोळायले बसली. चुन्नीलाल समोर ढोलकी घेऊन, तोंड फुगवून.

"तीनदा ठोका दिला," चुन्नीलाल म्हणाला. "माझी ढोलकी खोटी पाडली तू. मेला काऊन नाई?"

बुढा माझ्याकडे वळला.

"तिकडं आमी ओतत होतो तं किती जण होतो वं?" तो मले म्हणाला. "कामावरचे तेवढे. अन् इथं अख्ख्या गावानं पाणी घातलं. शकुंतलाबाईनंबी घातलं. एवढं पाणी अंगावर घेऊन मरू कसा, सांग."

मी दुसरा गुडघा मांडीवर घेतला. तेल संपेपर्यंत चोळत राहिली.